जुवाखालचा विसावा



आज समोर ख्रिस्ती मंडळी आहेत, तशी इतर धर्मांची आणि कुठलाच धर्म न मानणारीही माणसं आहेत. हे व्याख्यान आहे, रविवारचा उपदेश नव्हे, याची मला जाणीव आहे. तरीही मी श्रद्धेच्या बाहेर उभा राहून बोलणार नाही. माझा ख्रिस्तावर विश्वास आहे. त्या विश्वासाने रोजच्या जगण्यातला ताण कसा हलका होतो, हे मला जेवढं उमगलं तेवढं तुमच्यापुढे ठेवणार आहे. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या बाई शाळेत मराठी शिकवत आणि त्यांना गोलमोल बोलणं आवडत नसे. म्हणून आरंभीच सांगतो: ख्रिस्ती शिकवणुकीत शांती आणि आज्ञापालन यांची ताटातूट करता येत नाही. शांती तेवढी घेतो आणि आज्ञा बाजूला ठेवतो, असं ज्याला वाटतं त्याच्या हाती दोन्हींपैकी काहीच लागत नाही.

ताण म्हटलं की मला मोठी संकटं अभिप्रेत नाहीत. मृत्यू, महापूर, अपघात यांच्या वेळी माणसं धावून येतात, मंडळी प्रार्थना करते, नातेवाईक डबा आणतात. मी बोलतोय तो ताण कुणाला दिसत नाही. घराचा हप्ता पाच तारखेला खात्यातून जाणार असतो आणि पगार सातला येणार असतो. मुलगा स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला पुण्यात राहतो आणि फोनवर हल्ली फार बोलत नाही. सासऱ्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यायचं असतं, त्यासाठी रजा मागायची असते. रात्री साडेदहाला वरिष्ठांचा निरोप मोबाइलवर उमटतो, आणि तो वाचला हे त्यांना कळलेलंही असतं. यातल्या एकाही गोष्टीसाठी कुणी सांत्वनाला येत नाही. पण झोप जाते ती यांनीच.

अशा माणसाला आपण ख्रिस्ती लोक एक वचन फार सहज सांगतो. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या सहाव्या अध्यायात येशूने चिंता करू नका असं सांगितलं आहे, पाखरांकडे आणि रानातल्या फुलांकडे बघायला सांगितलं आहे. हे ऐकून ताणाखालच्या माणसाला धीर येण्याऐवजी अपराधी वाटतं. चिंता तर होतीच, आता चिंता केल्याचं पापही पदरात पडलं, असं त्याला वाटतं. हा त्या वचनावर अन्याय आहे. येशूपुढे बसलेली गालीलमधली माणसं सुखवस्तू नव्हती. रोम आणि हेरोद यांचे कर भरणारी, आजची मजुरी मिळाली तर आज चूल पेटेल अशा हिशेबाने जगणारी ती माणसं होती. त्यांना कुणी केवळ मनाची समजूत घालायला आलं असतं तर ती उठून गेली असती.

त्या अध्यायात पाखरांच्या आधी काय येतं ते पाहा. आधी येतं दोन धन्यांबद्दलचं बोलणं. एकाच माणसाला दोन धन्यांची चाकरी करता येत नाही, देव आणि पैसा या दोघांचं दास्य एकाच वेळी होत नाही, असं येशू सांगतो आणि त्याच श्वासात, त्याचा परिणाम म्हणून, चिंतेकडे वळतो. म्हणजे चिंतेचा प्रश्न त्याच्या दृष्टीने मनःस्थितीचा नाही, मालकीचा आहे. तू कुणाचा आहेस, हे ठरलं की तू कशाला घाबरायचं हेही बरंचसं ठरतं.

आपल्या दिवसाकडे या नजरेने पाहिलं तर आपण किती धन्यांची चाकरी करतो हे दिसतं. वरिष्ठ हा एक धनी. सोसायटीतले आणि नात्यातले लोक काय म्हणतील हा दुसरा. मुलांचं यश हा तिसरा, आणि तो फार कठोर आहे, कारण त्याला किती दिलं म्हणजे पुरे हे तो कधीच सांगत नाही. आपण स्वतःही एक धनी असतो. असं असायला हवं होतं, तसं व्हायला हवं होतं, अशी स्वतःची एक प्रतिमा रात्री उशाशी येऊन हिशेब मागते. काम जास्त असतं म्हणून माणूस थकतो हे खरं, पण थकलेला माणूस झोपतो. तळमळतो तो अनेक दिशांनी ओढला जाणारा माणूस.

येशू अशा माणसांना विसावा देतो म्हणतो तेव्हा तो त्यांना मोकळं सोडत नाही. मत्तयाच्याच अकराव्या अध्यायात, भाराखाली दबलेल्यांना जवळ बोलावून तो आपलं जू त्यांच्या खांद्यावर ठेवायला सांगतो. हे ऐकणाऱ्याला चकित करणारं आहे. दमलेल्याच्या खांद्यावरून ओझं काढायचं सोडून आणखी जू? शेतकऱ्याला मात्र हे समजतं. नवा गोऱ्हा औताला शिकवायचा असला की त्याला एकटं जुंपत नाहीत. शेजारी मुरलेला बैल लावतात. वाट तो धरतो, जोर तो लावतो, वळण कुठे घ्यायचं ते त्याला ठाऊक असतं. गोऱ्ह्याने फक्त त्याच्या चालीने चालायचं. आज्ञापालनाचा ख्रिस्ती अर्थ मला याहून नेमका सांगता येत नाही.

पण इथे एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. आज्ञापालन हा शब्द आपल्या समाजात ज्यांना ऐकवला गेला ती माणसं बहुधा आधीच दबलेली होती. सुनेला ऐकवला गेला, विधवेला ऐकवला गेला, गड्याला आणि मोलकरणीला ऐकवला गेला. धर्माच्या नावाने ऐकवला गेला, आणि त्यात ख्रिस्ती धर्मही अपवाद नाही. ताणाने पिचलेल्या बाईला आणखी आज्ञाधारक हो असं सांगणं हे क्रौर्य ठरू शकतं. म्हणून मी आज ज्या व्यक्तीच्या आयुष्यातून हा विषय मांडणार आहे, ती मुद्दाम निवडलेली आहे. ती व्यक्ती म्हणजे पंडिता रमाबाई. आज्ञाधारकपणाच्या नावाखाली होणाऱ्या जुलमाची एवढी कडवी टीकाकार आणि देवाची आज्ञा एवढ्या निष्ठेने पाळणारी स्त्री, दोन्ही एकाच देहात, मला दुसरी माहीत नाही.

रमाबाईंचं पूर्वायुष्य तुम्हाला ठाऊक आहे, ते मी थोडक्यात सांगतो. जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं आणि आईने मुलीला. तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत हे कुटुंब हिंडलं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेली. भावाबरोबर त्या पायी हिंडत कलकत्त्याला पोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती म्हटलं. मग भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं आणि दोन वर्षांच्या आतच, १८८२ मध्ये, पटकीने तेही गेले. कडेवर मनोरमा. वय चोवीसच्या आत.

१८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षण घ्यावं म्हणून त्या इंग्लंडला गेल्या. कानाने कमी ऐकू येऊ लागल्याने तो बेत सोडावा लागला. वाँटेज इथल्या सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीसंघाकडे त्या राहत होत्या, आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला तिथे त्यांचा आणि लहानग्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर जो पत्रव्यवहार झाला तो मराठी ख्रिस्ती माणसाने एकदा तरी वाचायला हवा. अ. भि. शहा यांनी संपादित केलेला तो संग्रह महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. त्या भगिनीसंघातल्या सिस्टर जेराल्डिन या रमाबाईंच्या धर्ममाता. त्यांचं रमाबाईंवर प्रेम होतं, यात मला शंका नाही. पण त्यांना रमाबाईंकडून चर्चच्या अधिकाराला मान तुकवणं हवं होतं. रमाबाईंचे प्रश्न त्रैक्याबद्दल होते, मतांगीकारांबद्दल होते, मनोरमेला काय शिकवायचं याबद्दल होते. त्यांनी फार स्पष्ट शब्दांत कळवलं की पुरोहितवर्गाच्या जुवाखालून मोठ्या कष्टाने मी नुकतीच बाहेर आले आहे, आता धर्मगुरूंचा शब्द हाच देवाचा शब्द म्हणून दुसरं जू मानेवर घेणार नाही. माझी सदसद्विवेकबुद्धी देवाने दिली आहे आणि तिचा जाब मला देवापुढे द्यायचा आहे.

एका परक्या देशात, दुसऱ्यांच्या आश्रयाला, विधवा, लहान मूल जवळ, हातात पैसा नाही, आणि ही बाई आपल्या यजमानांना असं पत्र लिहिते. मला यात बंडखोरी दिसत नाही, आज्ञापालनाची पहिली पायरी दिसते. देव सोडून इतर कुणालाही देवाची जागा द्यायची नाही, ही दहा आज्ञांपैकी पहिली आज्ञा. रमाबाईंनी ती बिशपांच्याही बाबतीत लागू केली. ज्याने पहिली आज्ञा पाळलेली नाही त्याचं पुढचं सगळं आज्ञापालन कुणाची तरी गुलामी होऊन बसतं. नवऱ्याचा मार मुकाट्याने खाणं, खोट्या हिशेबावर साहेबाने सांगितलं म्हणून सही करणं, पाळकांचा गैरव्यवहार मंडळीच्या अब्रूसाठी झाकणं, यांना कुणी ख्रिस्ती आज्ञाधारकपणा म्हणत असेल तर त्याला रमाबाईंची पत्रं वाचायला द्यावीत.

आता शांतीकडे येतो. १९०७ मध्ये रमाबाईंनी आपली साक्ष लिहून प्रसिद्ध केली. ख्रिस्ती मंडळीत साक्ष म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सर्वांपुढे सांगणं. त्या साक्षीत त्या मान्य करतात की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षं त्यांच्या अंतःकरणाला स्वस्थता नव्हती. ख्रिस्ती धर्म मिळाला होता, त्या धर्माचा ख्रिस्त मिळायचा होता, असा त्यांच्या सांगण्याचा आशय आहे. मधल्या काळात त्यांनी काय कमी केलं होतं? अमेरिकेत हिंडून व्याख्यानं दिली, १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिलं, ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत बालविधवांच्या शिक्षणासाठी शारदासदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. बाहेरून पाहणाऱ्याला हे आयुष्य सफळ दिसलं असतं. आतून त्या स्वतःच्या बळावर देवाला पुरे पडण्याचा प्रयत्न करत होत्या आणि दमल्या होत्या. १८९१ च्या सुमारास विल्यम हॅसलम नावाच्या इंग्रज धर्मगुरूचं आत्मकथन त्यांच्या वाचनात आलं. हा गृहस्थ वर्षानुवर्षं उपदेश करत होता आणि आपलाच उपदेश चालू असताना एके दिवशी त्याला खरा विश्वास गवसला होता. रमाबाईंना आपलं दुखणं कळलं. आपली योग्यता सिद्ध करणं त्यांनी सोडलं आणि ख्रिस्तावर भार टाकला.

हा भाग मी सावकाश सांगतोय, कारण सेवाभावी माणसांचा ताण असाच असतो. मंडळीतले पदाधिकारी, शाळेतल्या शिक्षिका, रुग्णालयातल्या परिचारिका, घरातली सगळ्यांचं करणारी थोरली सून, या सगळ्यांना मी पाहिलं आहे. त्यांचं काम चांगलं असतं, हेतू चांगला असतो, आणि आत एक भीती असते की मी थांबलो तर मी कुणीच नाही. या भीतीतून केलेलं आज्ञापालन माणसाला सुकवतं. ख्रिस्ती विश्वासाचा क्रम याच्या उलट आहे. आधी स्वीकार, मग सेवा. लेकरू म्हणून आधी जवळ घेतलं जातं आणि मग कामाला हात लावायला सांगितलं जातं. रमाबाईंच्या बाबतीत हा क्रम सरळ व्हायला आठ वर्षं लागली.

त्यानंतर त्यांचं आयुष्य सोपं झालं का? मुळीच नाही. १८९३ मध्ये पुण्यात शारदासदनावर वादळ उठलं. रमाबाई आपली प्रार्थना करताना खोलीचं दार लावून घेत नसत आणि काही मुली आपणहून आत येऊन बसत. मुलींना बाटवलं जातंय असा आरोप झाला, केसरीने झोड उठवली. रानडे, भांडारकर यांच्यासारखे मान्यवर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. दार लावून घेणं हा सोपा उपाय होता. रमाबाईंनी तो केला नाही. सक्ती कुणावर करणार नाही, पण माझ्या घरात माझ्या देवाला मी चोरून भेटणार नाही, ही त्यांची भूमिका होती. त्या काळात ज्यांचा धर्मांतराला विरोध होता त्यांची बाजूही समजण्यासारखी आहे. विश्वासाने आपल्याकडे मुली ठेवलेल्या पालकांची भीती खोटी नव्हती. मी इथे तो वाद सोडवत नाही. मला एवढंच दिसतं की लोकमत हा धनी या बाईने सोडून दिला होता, आणि म्हणून ते लोकमत उलटलं तेव्हा त्या कोसळल्या नाहीत.

मग १८९६ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसं मरत होती आणि बेवारस मुली, तरुण विधवा भलत्या हातात पडत होत्या. रमाबाईंनी स्वतः दुष्काळात उपाशी राहून रस्ते तुडवले होते. या मुली कोणत्या धोक्यात आहेत हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. पण शारदासदनाला पैसा देणारी बोस्टनची संस्था उच्चवर्णीय बालविधवांच्या शिक्षणासाठी, दहा वर्षांच्या मुदतीने बांधलेली होती. ती मुदत संपत आली होती. दुष्काळातल्या, सगळ्या जातींच्या मुली आणल्या तर त्यांना खाऊ काय घालायचं याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. रमाबाई गेल्या आणि मुली आणल्या. १८९७ पर्यंत सुमारे तीनशे.

आणि नेमक्या त्याच वेळी पुण्यात प्लेग. एवढ्या मुली शहरात ठेवायला सरकारची परवानगी मिळेना. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर केडगाव इथे त्यांनी शेतजमीन घेऊन ठेवली होती. तिथे झोपड्या, तंबू उभे राहिले. तिथेच विहिरी खणल्या गेल्या, इमारती आल्या आणि मुक्तिसदन आकाराला आलं. १९०० च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर तिथे दीड हजारांहून अधिक मुली आणि स्त्रिया होत्या. रोज दीड हजार ताटं. ही संख्या मनात घेऊन ताण या विषयाचा विचार करा.

इथे मला एक प्रसंग आवर्जून सांगायचा आहे, कारण शांत माणूस म्हणजे गप्प माणूस असा एक गैरसमज आपल्यात पक्का आहे. प्लेगच्या दिवसांत रमाबाईंच्या आश्रयाला असलेल्या एका मुलीला पुण्याच्या प्लेग इस्पितळात नेण्यात आलं, आणि तिच्या बाबतीत जे घडलं त्याने रमाबाई हादरल्या. त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ या वृत्तपत्रात उघड पत्र लिहून तिथल्या कारभारावर आणि स्त्रियांच्या सुरक्षिततेवर बोट ठेवलं. प्रकरण विलायतेपर्यंत गेलं. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळले. रमाबाई आपल्या म्हणण्यावर ठाम राहिल्या. सरकार ख्रिस्ती लोकांचं, आपणही ख्रिस्ती, तेव्हा जपून घ्यावं, असा विचार त्यांनी केला नाही. ख्रिस्ती शांतीला अन्यायाशी जुळवून घ्यावं लागत नाही. उलट मला वाटतं, माणूस एरवी गप्प बसतो ते आतल्या भीतीमुळे, आणि ती भीती गेली की त्याला स्वच्छ आवाजात बोलता येतं.

पण आपण रमाबाई नाही, असं तुम्ही म्हणाल. आपल्याला दीड हजार ताटं वाढायची नाहीत, आपल्याला पाच तारखेचा हप्ता भरायचा आहे. बरोबर आहे. आपल्या घरात आज्ञापालन कुठून सुरू होतं ते बोलू.

मला स्वतःला पौलाच्या फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्राने फार शिकवलं. कशाचीही चिंता न करता प्रार्थनेत, आभार मानत, सगळं देवापुढे मांडा म्हणजे बुद्धीला न आकळणारी शांती तुमचं रक्षण करील, अशा आशयाचं पौलाचं सांगणं त्याच पत्रातलं. ते कैदेतून लिहिलेलं आहे. सहसा आपण शांतीचा तेवढाच भाग फ्रेम करून भिंतीवर लावतो. त्याच अध्यायाच्या आरंभी युवदीया आणि सुंतुखे या दोन बायकांची नावं आहेत. दोघी सुवार्तेसाठी झटलेल्या, आणि दोघींचं बिनसलेलं. पौल दोघींना नाव घेऊन विनवतो की एकमनाने राहा. शांतीचं ते प्रसिद्ध वचन या भांडणानंतर काही ओळींनी येतं. मंडळीच्या कमिटीत, जमिनीच्या वाटणीत, नणंद-भावजयीत जे अडलेलं आहे ते तसंच ठेवून प्रार्थनेने शांती मागितली तर कसं व्हावं? येशूने तर त्याहून स्पष्ट सांगितलं आहे: अर्पण वेदीजवळ ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग परत ये. रात्री झोप न येणाऱ्या माणसाला मी विचारतो की कुणाला फोन करायचा राहिला आहे? बहुतेक वेळा उत्तर तयार असतं. विश्वास ठेवणं त्याला जमत असतं, तो एक फोन जमत नसतो.

समेटानंतर येते विश्रांतीची आज्ञा. आपण ती आज्ञा आहे हेच विसरलो आहोत. इस्राएल लोकांना रानात मान्ना मिळे तेव्हा त्या दिवसापुरताच गोळा करायचा नियम होता. उद्याची तजवीज म्हणून ज्यांनी जास्तीचा साठवला त्यांच्या भांड्यात किडे पडले. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट मिळे, म्हणजे सातव्या दिवशी हात बांधून बसता येई. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात शब्बाथाचं कारण दिलं आहे ते फार मोलाचं आहे: तुम्ही मिसर देशात दास होता याची आठवण ठेवा. गुलामाला सुट्टी नसते. ज्याला आठवड्यातून एक दिवस काम बाजूला ठेवता येत नाही तो कितीही पगार घेत असला तरी फारोच्या विटाच थापतो आहे. आणि त्या आज्ञेत चाकर, दासी, परदेशी आणि बैल-गाढवंसुद्धा आहेत. आपण उपासनेला जाऊन आलो आणि घरकामाच्या बाईंना रविवारीही बोलावलं, तर अर्धीच आज्ञा पाळली. ज्यांना पाळीची नोकरी आहे, ज्यांचं हातावर पोट आहे, त्यांना रविवार मिळेलच असं नाही. त्यांना दुसरा दिवस, अर्धा दिवस, निदान रात्रीचे काही तास मोबाइल बंद ठेवून मिळावेत. जग माझ्यावाचून चालेल आणि देव जागा आहे, हे शरीराने कबूल करणं म्हणजे विश्रांती.

काम चालू असतानाचं काय? सतराव्या शतकात पॅरिसच्या एका कार्मेलाइट मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे बंधू होते. तरुणपणी शिपाई, लढाईत जखमी झालेले. मठात त्यांच्या वाट्याला स्वयंपाकघर आलं, आणि स्वयंपाकाचा त्यांना मनापासून कंटाळा होता. वर्षानुवर्षं ते काम त्यांनी केलं आणि भांड्यांच्या खणखणाटात देवाशी बोलत राहायची सवय लावून घेतली. १६९१ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांची काही पत्रं आणि संभाषणं नंतर छापली गेली, ती आजही जगभर वाचली जातात. त्यांच्याकडे मोठं तत्त्वज्ञान नव्हतं. समोरचं काम देवाच्या प्रीतीखातर करायचं, चुकलं तर कबूल करायचं आणि चुकीवर रेंगाळायचं नाही, एवढंच. आवडीचं काम मिळाल्यावर शांती येईल म्हणून थांबलेल्या तरुणांना मला हे सांगावंसं वाटतं.

इतकं बोलल्यावर एक गोष्ट अगदी स्पष्ट करतो. विश्वास असूनही मन आजारी पडतं, जसं विश्वास असूनही मधुमेह होतो. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडुपाखाली बसून मरण मागू लागला तेव्हा देवाने त्याला विश्वास कमी पडला म्हणून दटावलं नाही. त्याला झोपू दिलं, दूताकरवी भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. काम सांगितलं ते फार नंतर. तुमच्यापैकी कुणाला आठवडेच्या आठवडे झोप नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणं हे त्या दूताच्या हातची भाकर घेण्यासारखंच आहे. औषध सोडून फक्त प्रार्थना कर असं कुणी सांगत असेल, मग तो कितीही मोठा उपदेशक असो, त्याचं ऐकू नका.

आणि आज्ञा पाळताना मन खवळलेलं असलं तरी ते आज्ञापालनच असतं. गेथशेमाने बागेत येशू शांत चित्ताने, स्मित करत बसला नव्हता. तो अतिशय व्याकूळ झाला होता, मित्रांनी जागं राहावं असं त्याला वाटत होतं, हा प्याला टळावा असं त्याने पित्याला उघड सांगितलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मग त्याने आपली इच्छा पित्याच्या इच्छेखाली ठेवली आणि उठून चालू लागला. आपली मागणी दाबून टाकणं म्हणजे आज्ञापालन, असं ज्यांना शिकवलं गेलं त्यांनी ही बाग नीट पाहावी. मागायचं ते मोकळेपणाने मागायचं आणि मिळालं नाही तरी नातं तोडायचं नाही, हे तिथे शिकायला मिळतं.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो मला सर्वांत कठीण वाटतो. आपला सर्वांत चिवट ताण अपुऱ्या राहणाऱ्या कामाचा असतो. माझ्या हातून हे पुरं होईल का, माझ्यामागे कोण बघेल? आपल्याकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य हाती घेतलं आणि थोड्याच अध्यायांवर १९१९ मध्ये त्यांना मरण आलं. उरलेला फार मोठा भाग त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहिला. त्यांना शाळा मिळाली नव्हती, लिहिणंवाचणं त्या लग्नानंतर शिकल्या होत्या. टिळकांनी हयातभर जी माणसं, जे उद्योग, जी स्वप्नं अर्धवट सोडली त्यांचा ताण या बाईंनी किती सोसला हे त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला ठाऊक आहे. आणि ज्याने आपल्याला इतकं दमवलं त्याचंच अपुरं काम त्यांनी आपलं मानलं.

रमाबाईंनीही असंच एक काम अंगावर घेतलं होतं. खेड्यातल्या, कमी शिकलेल्या बाईला कळेल अशा सोप्या मराठीत संपूर्ण बायबल. त्यासाठी प्रौढ वयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. बहिरेपण वाढलेलं, संस्थेचा गाडा चालू, आणि हे भाषांतर वर्षानुवर्षं चाललेलं. आपल्यामागे संस्था मनोरमा सांभाळेल अशी त्यांना आशा होती. मुलगी तशी तयारही झाली होती. अमेरिकेत असताना तिने ब्रेल लिपी शिकून घेतली होती आणि परत येऊन आंधळ्या मुलींना शिकवलं होतं. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा, आणि आता वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी एकुलती एक मुलगी.

या दुःखावर त्यांना शांती मिळाली असं मी सहज म्हणून टाकणार नाही. आईच्या मनात काय चाललं होतं ते आपण कोण सांगणार? काय केलं ते मात्र माहीत आहे. त्यांनी भाषांतराचं काम चालू ठेवलं, मुद्रितं तपासली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचं निधन झालं तेव्हा ग्रंथ छापून बाहेर पडलेला नव्हता. केडगावच्या छापखान्यात मुक्तिसदनातल्या बायकाच खिळे जुळवत असत. त्यांनी ते बायबल छापून पुरं केलं आणि १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झालं.